डाव्या खांद्यामागची जागा

१

जगात एकच गोष्ट आपल्याइतकी चांगली दुसऱ्या कुणाला येत नाही, असं सौमित्र मानायचा. ती म्हणजे संहिताच्या मागे बसून गाणं.

गाण्यातल्या माणसांना हे सांगावं लागत नाही, इतरांसाठी सांगतो. मुख्य गाणारा पुढे बसतो. त्याचा शिष्य किंवा जोडीदार मागे, डाव्या खांद्याशी. पुढचा श्वासाला थांबला की मागच्याने सूर उचलायचा, धरून ठेवायचा, आणि पुढचा परतला की मुकाट्याने बाजूला व्हायचं. याला साथ म्हणतात. यात टाळ्या मिळत नाहीत, पण पुढच्याचा श्वास कुठे संपणार हे त्याच्याआधी आपल्याला कळावं लागतं. पुण्यात मालिनीताईंच्या क्लासमध्ये सौमित्र दहा वर्षं संहिताच्या मागे बसला. पुढे बसण्याइतका गळा नाही, हे ताईंनी पहिल्याच वर्षी सांगून टाकलं होतं. "तू साथीचा माणूस आहेस," त्या म्हणायच्या, "आणि तिथेही केसभर मागे राहतोस." दोघांचं लग्न ठरलं तेव्हा क्लासमधल्या मुली म्हणाल्या, आता संहिताला धाप लागायची काळजी नाही.

मग सौमित्रला नेदरलँड्समधल्या आइंडहोवनच्या एका कंपनीत नोकरी लागली आणि दोघं जवळच्या न्यूनेनला राहायला आले. शांत गाव, एकाला एक चिकटलेली घरं, उभा जिना. सगळ्यात वर उतरत्या छपराखाली माळ्याची खोली. तिथे बॉयलर, वॉशिंग मशीन आणि संहिताचं टेबल. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून रियाजही तिथेच चालायचा. रोज सकाळी सातला अर्धा तास ती पुढे, तो मागे सतरंजीवर. मग ती सायकलने स्टेशन गाठून युट्रेख्टला युनिव्हर्सिटीत संशोधनाला जायची आणि तो ऑफिसला. दिवसभर कुणी काहीही म्हणो, तो अर्धा तास सौमित्रला पुरायचा.

कोरोना आला, दोघं घरात अडकले, तेव्हा त्याला वाटलं, आता अर्ध्याचा एक तास होईल. झालं उलटंच. नोव्हेंबरात ती म्हणाली, "काही दिवस सकाळचा रियाज नको रे. गळा रेकॉर्डिंगसाठी ठेवते."

"हो, चालेल की," तो म्हणाला. त्याला मुळीच चालण्यासारखं नव्हतं.

२

रेकॉर्डिंग होतं आर्नाउटचं. या माणसाचं नाव घरात इतक्यांदा निघायचं की जेवताना त्याचंही ताट मांडावं असं सौमित्रला वाटायचं.

आर्नाउट चौदाव्या शतकातला, याच भागातल्या, ब्राबांतमधल्या एका मठातला साधू. गाणं रचायचा, शिकवायचा आणि गाण्याच्या शास्त्रावर लिहायचाही. त्याची अकरा गाणी उरली आहेत आणि विरामांवर लिहिलेली एक छोटी पोथी. गाणी सगळी दोन आवाजांची. एक थांबला की दुसऱ्याने उचलायचं, दुसरा थांबला की पहिल्याने. पण पानावर आवाज एकाचाच. दुसऱ्याच्या जागी नुसत्या थांबण्याच्या खुणा. विद्वानांचं मत असं की दुसऱ्या आवाजाची पानं हरवली. संहिताचा प्रबंध असा की ती कधी नव्हतीच. दुसऱ्याने मागे बसून ऐकत राहायचं आणि ऐकून ऐकून आपली जागा भरायची.

ही कल्पना तिला कुणाकडे बघून सुचली हे सौमित्रला पक्कं ठाऊक होतं. पहिल्या मसुद्यात 'भारतीय परंपरेतला मागे बसणारा गायक' असा उल्लेख होता. नाव नव्हतं. आपल्याला त्याचं काहीच वाटलं नाही, असं त्याने तिला तीन वेळा सांगितलं होतं.

फेब्रुवारीच्या अखेरीला आर्नाउटच्या गाण्यांचा ऑनलाइन कार्यक्रम ठरला होता. गाणारे सहा जण. एकत्र जमून गायला तेव्हा बंदी होती, म्हणून प्रत्येकाने घरी कानात ठेका ऐकत गायचं, रेकॉर्डिंग ईमेलने पाठवायचं आणि दर शुक्रवारी संध्याकाळी सौमित्रने ते सहा ट्रॅक एकावर एक बसवायचे. आयटीवाला नवरा असला की अशी कामं न मागता मिळतात. सहाही जण एकच लिहिलेला आवाज गात आणि विराम रिकामे सोडत. संहिताची सक्त सूचना होती, विराम पूर्ण शांत हवेत, ऐकणाऱ्याला ती जागा कळली पाहिजे.

डिसेंबरातल्या एका शुक्रवारी विरामात काहीतरी ऐकू आलं.

त्याने एकेक ट्रॅक सुटा करून बघितला. स्क्रीनवर आवाज असतो तिथे रेघ फुगते आणि शांतता असते तिथे सरळ होते. पाच जणांच्या विरामात रेघ सरळ होती. संहिताच्या ट्रॅकमध्ये प्रत्येक विरामात बारीक फुगवटा होता. आवाज वाढवून ऐकलं तर नुसती खरखर.

"अगं, तुझ्या रेकॉर्डिंगमध्ये काहीतरी येतंय."

"बॉयलर असेल," ती लॅपटॉपवरून मान न उचलता म्हणाली. "पुसून टाक ना."

त्याने पुसलं. पुसताना मात्र त्याच्या लक्षात आलं की बॉयलर मनाला येईल तेव्हा चालू होतो. हा आवाज संहिता गात असताना एकदाही येत नव्हता. ती थांबली की यायचा आणि ती परत सुरू करायच्या किंचित आधी थांबायचा.

३

पुढच्या तीन शुक्रवारी फुगवटा वाढत गेला. सौमित्र शिकलेला माणूस, त्याने एकेक कारण तपासलं. वॉशिंग मशीन ती बंद ठेवायची. शेजारचे म्हातारे आजी-आजोबा मुलीकडे गेले होते, भिंतीपलीकडे कुणी नव्हतं. मग त्याला वाटलं, हेडफोनमधून बाहेर झिरपणारा आवाज असेल. पण हेडफोनमध्ये ठेका सोडून दुसरं काही नव्हतं, कारण तो ठेका त्यानेच बनवून दिला होता.

मग जे मनात यायचं ते आलं. तिच्याबरोबर कुणीतरी गातंय. फोनवर, व्हिडिओ कॉलवर, कसंही. योरीस नावाचा त्यांच्या ग्रुपचा प्रमुख होता, त्याचा आवाज भरदार. दोन दिवस सौमित्रने त्याच्याविषयी वाटेल ते मनात आणलं. तिसऱ्या दिवशी झूमवर योरीस दिसला. सत्तरीचा, नाकाला ऑक्सिजनची नळी, मांडीवर नातू. सौमित्रला स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटूनही मत्सर काही गेला नाही. फक्त तो मत्सर टेकवायला माणूस उरला नाही.

त्या संध्याकाळी पिठलं-भात खाताना त्याने विचारलं, "हा तुझा आर्नाउट, याचं स्वतःचं काय? म्हणजे आयुष्य?"

संहिताचा चेहरा उजळला. हा प्रश्न त्याने चार वर्षांत विचारला नव्हता.

"फार कमी माहीत आहे. त्याचा एक जोडीदार होता, पीटर नावाचा. दोघं वीस वर्षं एकत्र गायले. मग प्लेग आला आणि पीटर गेला. अकराही गाणी त्याच्यानंतरची आहेत."

"मेलेल्या माणसाबरोबर गायची?"

"असं म्हणू नकोस. तो आपला आवाज गायचा आणि विराम सोडायचा. शेजारची जागा रिकामी ठेवा, असा त्याचा हट्ट होता. मठाच्या दप्तरात त्याच्यावर एक तक्रार आहे. दुसऱ्या एका साधूला तिथे बसवलं, तर आठ दिवसांत त्याने जागा बदलून मागितली."

"का?"

"कारण एवढंच लिहिलंय की ती जागा रिकामी नाही."

सौमित्र हसला. "म्हणजे रिझर्व्हेशन."

संहिता हसली नाही. ताटातला भात गोळा करत ती म्हणाली, "पोथीत एक वाक्य आहे त्याचं. विराम म्हणजे शांतता नव्हे, दुसऱ्याची बसायची जागा. तुला कळेल असं वाटलं होतं."

हे तिने प्रेमाने म्हटलं असेलही. सौमित्रला ते लागलं, आणि त्या रात्री तो तिच्याकडे पाठ करून झोपला.

४

दुसऱ्या दिवशी दुपारी ती दुकानात गेली असताना तो माळ्यावर गेला. आपण फक्त बॉयलरचं प्रेशर बघायला जातोय, असं त्याने जिन्यावर स्वतःला समजावलं.

खोली नीटनेटकी होती. छपरातल्या काचेवर पावसाचे थेंब. टेबलावर बंद मॉनिटर, रेकॉर्डर, हेडफोन. संहिताची खुर्ची नेहमी मागच्या भिंतीला टेकलेली असायची, कारण छप्पर तिथे इतकं उतरतं की मागे काही ठेवताच येत नाही. आता टेबल आणि खुर्ची दोन्ही पुढे ओढलेली होती. टेबल काचेखाली आलं होतं, तिथे पाणी गळतं म्हणून गेल्या वर्षी त्यानेच ते हलवलं होतं. मागे एक माणूस मांडी घालून बसेल एवढी जागा झाली होती.

तिथे सतरंजी अंथरलेली होती. त्याची सतरंजी. रियाज बंद झाल्यावर त्याने स्वतः घडी करून कपाटात ठेवलेली.

तो वाकला आणि तिच्यावर हात ठेवला. गरम वगैरे नव्हती. असती तर बरं झालं असतं, निदान काहीतरी ठरलं असतं. मध्यभागी फक्त बसून बसून पडतो तसा दाब होता. हा आपलाच, जुना, असं तो मनात म्हणाला. पण तो नेहमी उजवीकडे भार देऊन बसायचा आणि दाब डाव्या बाजूला जास्त होता.

संहिता आल्यावर त्याने भाजी फ्रिजमध्ये ठेवता ठेवता विचारलं, "माझी सतरंजी वर कशी गं?"

"पायाला गार लागतं."

"पण ती खुर्चीच्या मागे आहे."

"तू वर गेला होतास?" असं तिने विचारलं, आणि त्या प्रश्नात चोरी सापडल्याची भीती नव्हती, राग होता. आपल्या घराच्या माळ्यावर आपण परवानगीशिवाय गेलो, असं सौमित्रला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

"मला एकटीला गाता येत नाही, सौमित्र," ती म्हणाली. "तुला माहीत आहे ते. मागे कुणी नसलं की श्वास पुरत नाही."

"मग मला बोलवायचं."

"तू कॉलवर असतोस." तिने पिशवीची घडी केली. "आणि तू बोलावल्यावर येतोस. साथ अशी बोलावून होत नाही."

५

मग सौमित्रने करू नये ते केलं. सात आठवड्यांचे तिचे सगळे मूळ, न पुसलेले ट्रॅक काढले, त्यातला तिचा आवाज कापून टाकला, उरलेले विराम ओळीने एकाला एक जोडले आणि आवाज वाढवला. ऑफिसच्या मीटिंगमध्ये कॅमेरा बंद ठेवून, कानात हेडफोन घालून तो ते ऐकत बसला. त्याचा टीममेट हरीश कुठल्यातरी डेडलाइनबद्दल बोलत होता.

सुरुवातीच्या आठवड्यांत फक्त श्वास होता. कुणीतरी तोंड उघडतं आणि गात नाही, तसा. नाताळच्या सुमारास त्यात सूर आला, अगदी दबका, पुरुषाचा. 'आ'कार लावण्याआधी खालून किंचित उचलून घेतलेला. ती लकब सौमित्रने ओळखली. ती त्याची स्वतःची होती. मालिनीताईंनी दहा वर्षं झटून जी घालवायचा प्रयत्न केला ती.

सूर केसभर उशिरा येत होता. तेही त्याचंच.

हे माझंच जुनं रेकॉर्डिंग कुठूनतरी मिसळलंय, असं त्याने स्वतःला सांगितलं, आणि तेवढं एक मिनिट तो खरोखर सुखी होता. पण जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात उशीर कमी झाला. दुसऱ्यात आणखी कमी. तिसऱ्यात तो आवाज नेमक्या जागी येत होता, तिचा सूर सुटतो तिथेच धरत होता. ती परतली की इतक्या अलगद बाजूला होत होता की जोड कळू नये. तसं सौमित्रला एकदाही जमलं नव्हतं.

त्याला भीती वाटायला हवी होती. वाटलीही. पण भीतीच्या आधी आणि भीतीपेक्षा मोठं जे वाटलं ते असं, की हा माझ्यापेक्षा चांगला आहे. आम्ही रोज सकाळी तिथे गात होतो तेव्हा हा तिथेच कुठेतरी बसून शिकत होता. माझ्याकडून शिकला, आणि माझी चूक तेवढी सोडून दिली.

"सौमित्र, आर यू देअर?" हरीशने विचारलं.

"हो, आहे," तो मराठीतच म्हणाला.

६

सोमवारी सकाळी बाहेर गुडघाभर बर्फ होता. रस्त्यावर सायकल नाही, बस नाही, गावाने कान मिटून घेतल्यासारखं झालं होतं. संहिता दहा वाजता चहा घेऊन वर गेली. शेवटचं, अकरावं गाणं रेकॉर्ड करायचं होतं. सौमित्रने हरीशला लिहिलं की तासभर नाहीये, लॅपटॉपवरचा कॉल तसाच चालू ठेवला आणि मोज्यांच्या पायाने जिना चढला.

त्याचा बेत साधा होता. जागा आपली आहे, आपण जाऊन बसायचं.

वर गाणं सुरू झालेलं होतं. दारातच त्याने हाक मारली असती तर पुढचं सगळं टळलं असतं. पण गाणं चालू असताना हाक मारायची नाही, वाकून आत शिरायचं आणि मुकाट्याने आपल्या जागी बसायचं, हे त्याच्या हाडात मुरलेलं. मालिनीताईंच्या क्लासमधला कुठलाही माणूस तसाच शिरला असता. संहिता पाठमोरी होती, हेडफोनचा डावा कान बाजूला सारलेला, डोळे मिटलेले असावेत. सतरंजी मोकळी होती. तो छपराखाली डोकं वाकवून सतरंजीवर बसला. पाठीमागे भिंत, मध्ये वीतभर अंतर.

पहिला विराम आला. सौमित्रने सूर उचलला.

तिने वळून पाहिलं नाही. तिचा डावा खांदा जरा खाली आला, साथ मिळाली की यायचा तसा. इतक्या महिन्यांत त्याला इतकं बरं वाटलं नव्हतं. दुसरा विराम आला, त्याने तोही भरला. केसभर उशीर झाला, त्याला कळलं, तिलाही कळलं असणार.

"मागे राहतोयस आज," ती थांबून हळूच म्हणाली. आवाजात लाड होता. असा लाडाचा आवाज त्याने लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी ऐकला होता.

पुढच्याचं गाणं संपत नाही तोवर मागच्याने बोलायचं नसतं.

ती पुन्हा गाऊ लागली. तिसरा विराम आला. सौमित्रने श्वास घेतला, तोंड उघडलं आणि सूर त्याच्याआधी लागला. तिचा सुटला तिथेच, नेमका. त्याच्या कानामागून. मानेवर गार हवा लागली, कुणी जवळून गाताना लागते तशी, फक्त गार.

मागे वीतभर जागा होती. तिथे माणूस मावत नाही, हे त्याला गणितासारखं माहीत होतं.

त्याने मान वळवली नाही. साथीच्या माणसाने नजर पुढच्याच्या पाठीवर ठेवायची असते, आणि या वेळी त्याला त्या नियमाचे उपकार वाटले. पण तिच्या पलीकडे टेबलावर तो बंद मॉनिटर होता. काळ्या काचेत छपराचा उजेड पडला होता. त्यात संहिताचा चेहरा दिसत होता, शांत, सुखावलेला. तिच्या डाव्या खांद्यामागे एक तोंड होतं, गाताना उघडतं तसं उघडलेलं. एकच तोंड होतं, आणि सौमित्रने आपले ओठ तर घट्ट मिटून घेतले होते.

ओळ संपली. संहिताने हात पुढे करून रेकॉर्डर थांबवला आणि डोळे न उघडताच, मान जराशी डावीकडे झुकवून विचारलं, "सौमित्र कॉलवरच आहे ना अजून?"

मी इथे आहे, तुझ्या मागे, नेहमीसारखा, असं तो म्हणणारच होता. शब्द ओठावर आले होते. त्याला फक्त केसभर उशीर झाला.

"हो," त्याच्या मागून त्याच्याच आवाजात उत्तर आलं. "खालीच आहे तो."

"बरं," ती म्हणाली, आणि तिने रेकॉर्डर पुन्हा चालू केला.

सौमित्र उठला. आवाज होणार नाही असा वाकून, भिंतीला हात लावत तो दारापर्यंत गेला. तिचं गाणं एकदाही अडखळलं नाही. पायरी पायरीने तो जिना उतरला, डायनिंग टेबलाशी येऊन बसला, हेडफोन चढवले आणि कॅमेरा सुरू केला. हरीशने विचारलं, झालं का काम? सौमित्र म्हणाला, मी खालीच होतो.